मदत हवी आहे: सरपंच जाऊबाई, कारभार भाऊजींचा

आमच्या थोरल्या जाऊबाई महिला राखीव जागेवर सरपंच झाल्या. सह्या त्या करतात, मासिक सभेत बोलतात मात्र भाऊजी. ग्रामसेवकही फाइल घेऊन त्यांच्याकडेच येतात. (चहा तेवढा सरपंचांनी करायचा!) राज्यात २०११ पासून पंचायतींत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे, ते हे असं.

जाऊबाईंना जमाखर्च स्वतः समजून घ्यायचाय. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती आमच्याकडे कागदावरच होते. ती खरंच भरवायची तर सुरुवात कुठून करावी? पुण्याच्या यशदा या राज्य सरकारच्या संस्थेचं प्रशिक्षण कुणी घेतलंय का? गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार केली तर घरात भांडण पेटेल, तेही नको. माजी सरपंच ताईंनो, तुम्ही कसं निभावलंत?