जुना सिंगल कॅम कंपाउंड बो (चाकांचं धनुष्य) घेताना दोरी आधी बघा
कॅम म्हणजे धनुष्याच्या टोकाला असलेलं, दोरी गुंडाळणारं चाक. 'एकच कॅम, म्हणजे टायमिंगची कटकट नाही' असं सिंगल कॅमबद्दल म्हणतात, ते अर्धंच खरं. दोन कॅम एकमेकांशी जुळवावे लागत नाहीत, एवढंच. पण यात दोरी वरच्या आयडलर (साध्या गोल) चाकाला वळसा घालून परत खाली येते, त्यामुळे फार लांब असते आणि जुनी झाली की ताणते. मग कॅम जागेवरून फिरतो, ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे ओढली जाते ते अंतर) बदलते, बाणाचा नॉक (दोरीत अडकणारं मागचं टोक) सरळ जात नाही. टार्गेटवर हे लगेच दिसतं.

लिंबच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या) कडांवरून कापूस फिरवा. अडकला तर चीर असू शकते, तो बो ओढूच नका. आणि ड्रॉ लेंथ आधी विचारा. बऱ्याच जुन्या मॉडेलांत ती बदलायला कॅमच बदलावा लागतो, आणि तो मिळणं कठीण. बाणाच्या वेगाचं म्हणाल तर शिकारीला जुना बो चालतो, धार असलेला ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं पात्याचं टोक) आणि नेम महत्त्वाचा.