झुरळं, मुंग्या आणि रांगतं बाळ: स्प्रे न मारता काय करता येईल?

शेवंती
घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, नुकतंच रांगायला लागलंय. जे हाताला लागेल ते थेट तोंडात. दोन महिन्यांपासून स्वयंपाकघरात झुरळं झाली आहेत. रात्री दिवा लावला की ओट्यावरून सैरावैरा पळतात. लहान आहेत, फिकट तपकिरी. दोनदा स्प्रे मारला. चार दिवस शांतता, मग पुन्हा तेच. त्यात खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची रांगही सुरू झाली आहे. बाळ जमिनीवर असताना मला आता काहीही फवारायचं नाही. कोणी तमालपत्र ठेवायला सांगतंय, कोणी प्लगला लावायचं आवाजाचं यंत्र. खरंच कशाने फरक पडतो, अनुभव असेल तर सांगा.

जुना_खांब
ताई, आधी एक झुरळ नीट बघा. डोक्यामागच्या भागावर दोन गडद उभ्या रेघा आहेत का? असतील तर ते जर्मन झुरळ. ही जात घरातच राहते, घरातच वाढते. मोरीतून वर येणारं मोठं, तांबूस झुरळ वेगळं. त्याचा बंदोबस्त मोरीच्या जाळीपासून सुरू होतो, तुमचा फ्रिजच्या मागून.

स्प्रे का लागू पडत नाही, तेही सांगतो. जर्मन झुरळाची मादी अंड्यांचा कोश पोटाला चिकटवून फिरते. एका कोशात ३० ते ४० अंडी असतात आणि ती फुटायच्या सुमारास मादी कोश टाकते. तोवर ती फटीत दडून असते, तिथे स्प्रे पोचतच नाही. जी उघड्यावर येतात ती मरतात, बाकीची वासाने बिथरून शेजारच्या खोलीत सरकतात. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. स्वयंपाकघरातली झुरळं पुस्तकांच्या कपाटात गेली आणि मग ती शोधण्यात सहा महिने गेले.

पहिलं काम म्हणजे पाच-सहा चिकट सापळे. फ्रिजमागे, सिंकखाली, गॅसच्या शेगडीमागे, कपाटांच्या कोपऱ्यांत भिंतीला अगदी टेकवून ठेवा आणि प्रत्येकावर जागा लिहा. तीन रात्रींनी मोजा. जिथे जास्त, तिथे वस्ती.

ओलीमाती
सापळ्यांना पूर्ण अनुमोदन. त्यानंतर जेल. माझ्या घरात शेवटी जेलनेच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जेल म्हणजे विष घातलेलं खाणं. झुरळ ते खाऊन फटीत परततं आणि तिथे मरतं. पिल्लं त्याची विष्ठा खातात, इतर झुरळं मेलेल्याला खातात, त्यामुळे बाहेर कधीच न येणारीही मरतात. तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके पुरतात. मोठा गोळा एकाच जागी लावण्यापेक्षा बारीक ठिपके बऱ्याच जागी लावा. कपाटाच्या बिजागऱ्या, ड्रॉवरच्या पट्ट्यांच्या मागे, सिंकच्या पाइपभोवती, फ्रिजच्या मोटरजवळची फट. बाळाचा हात पोचेल अशा जागी एकही ठिपका नको, खालचे ड्रॉवर त्यातून वगळाच. त्याऐवजी बंद डबीतलं आमिष मिळतं, ते ओट्यामागे खोलवर सरकवता येतं.

आणि एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. जेल लावल्यावर मला धीर निघाला नाही, दोन दिवसांनी तिथेच स्प्रे मारला. झुरळांनी त्या जागेकडे फिरणंच सोडलं, सगळं जेल वाया गेलं. जेलच्या आसपास स्प्रे नाही, फिनेलही नाही.

जुना_खांब
यात एक भर. जेल दोन-तीन आठवडे लावूनही झुरळं त्याला तोंड लावत नसतील, तर वेगळ्या घटकाचं घ्या. जर्मन झुरळांच्या काही वस्त्यांना ग्लुकोज कडू लागतं. आमिषातल्या गोडाला भुलणारी मरत गेली, न भुलणारी उरली, आणि पुढच्या पिढ्यांत तोच गुण उतरला. १९९०च्या दशकापासून हे माहीत आहे.

निवांत
पाणी, पाणी, पाणी. जर्मन झुरळ पाणी मिळालं तर अन्नाशिवाय महिनाभर काढू शकतं, पण दोन्ही बंद झालं तर साधारण दोन आठवड्यांत मरतं. रात्री झोपताना सिंक फडक्याने कोरडं पुसा, ओला स्पंज पिळून टांगा, फ्रिजखालचा पाण्याचा ट्रे रिकामा करा. ठिबकणारा नळ असेल तर आधी तो दुरुस्त करा. रात्रभर पाणी मिळत राहिलं तर बाकीच्या मेहनतीचा अर्धा परिणाम जातो. मग फटी. पाइप भिंतीत शिरतो तिथलं भोक, फरशी आणि ओट्यामधली चीर, सगळं सिलिकॉन सीलंटने बुजवा. मोठं झुरळसुद्धा अंग चपटं करून ३ मिलिमीटरच्या फटीतून जातं, पिल्लांना तर त्याहून कमी पुरते. कार्डबोर्डचे खोके साठवू नका, त्यांच्या घड्यांत ती आरामात राहतात.

ओलीमाती
मुंग्यांचंही इथेच सांगते. पुढे चाललेली मुंगी वाटेवर वास सोडते, मागच्या त्याच वासावर येतात. म्हणून रांग नुसती झाडून उपयोग नाही, साबणाच्या पाण्याने पुसा आणि चौकटीची फट बुजवा. तरीही येत राहिल्या तर बंद डबीतलं बोरिक ॲसिडचं गोड आमिष. ते मुद्दाम सौम्य असतं, साखरेच्या पाण्यात साधारण १ टक्का. जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते आणि वारुळातल्या राणीपर्यंत काहीच पोचत नाही. आमिष लावल्यावर पहिले दोन दिवस मुंग्या वाढलेल्या दिसतील. पुसायचा मोह आवरा, त्यांना वाहून नेऊ द्या.

पारवा
बाळ आहे म्हणून तीन गोष्टींना सक्त नाही म्हणा. जमिनीवर रेघ ओढायचा कीटकनाशक खडू, कारण ती पूड थेट रांगत्या हाताला लागते. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या, कारण जी६पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थालिनमुळे फुटू शकतात. आणि खोली बंद करून सोडायचा धुराचा डबा. तो फटींत शिरत नाही, जमिनीवर आणि खेळण्यांवर मात्र थर बसवतो. मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक घरात आणूच नका, मांजरांना ते फार विषारी आहे. आवाजाच्या यंत्रावर पैसे घालवू नका, चाचण्यांत त्याचा झुरळांवर उपयोग दिसलेला नाही. तमालपत्राने झुरळ फार तर त्या कोपऱ्यातून सरकतं, घर सोडत नाही.

शेवंती
दोन रेघा आहेत, म्हणजे जर्मनच. सापळे मोजले: फ्रिजमागे २३, सिंकखाली ९, बाकीच्या चारांत मिळून ३. शेगडीमागे एकही नाही, आणि मी स्प्रे नेमका तिथेच मारत होते. फ्रिज ओढला तर खालचा ट्रे तुडुंब भरलेला, त्याच्या कडेलाच सगळी वस्ती. बाळाच्या कपड्यांतल्या गोळ्या आजच काढल्या, कपडे धुवून उन्हात घातले. पारवा, त्याबद्दल मनापासून आभार, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. जेल फ्रिजमागे आणि सिंकच्या वरच्या बाजूला लावलं, खाली बंद डब्या. एक विचारायचं आहे: जेलचा वास किंवा वाफ बाळाला बाधेल का?

जुना_खांब
जेल फवाऱ्यासारखं हवेत पसरत नाही. काळजी घ्यायची ती हाताला आणि तोंडाला लागण्याची. ट्यूब उंच, कुलपात ठेवा. वेष्टन टाकू नका, त्यावर विषबाधेत काय करायचं ते लिहिलेलं असतं.

शेवंती
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. फ्रिजमागच्या सापळ्यात काल रात्री २, सिंकखाली शून्य. मुंग्या चौथ्या दिवशी बंद झाल्या. दिवा लावल्यावर ओटा रिकामा दिसतो, पहिल्या रात्री तर मी तिथेच उभी राहून बघत बसले. आता जेल पुसून टाकू का?

ओलीमाती
नको! कोश तयार झाल्यापासून अंडी फुटायला साधारण महिना लागतो, म्हणजे उरलेल्या एखाद्या मादीची पिल्लं अजून यायची आहेत. सुकलेले ठिपके खरवडून ताजे लावा, सापळे नवे ठेवा. सलग दोन महिने सापळ्यात काही आलं नाही की मग काढा. फ्रिजमागचा सापळा मात्र मी वर्षभर ठेवते, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बघते.