ख्रिस्त स्वीकारला, पण जू नाही: पंडिता रमाबाई आणि माझी श्रद्धा

चाफेकळी:

पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या, एवढं आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. कोणी त्याचा राग धरतं, कोणी अभिमान. पण त्या कशा ख्रिस्ती झाल्या आणि झाल्यावर कोणाकोणाशी भांडल्या, हे फारसं कोणी वाचत नाही. माझं मत असं, की ख्रिस्ती श्रद्धेचा इतका प्रामाणिक प्रवास मराठीत दुसरा नाही. ज्यांनी प्रेम दिलं त्यांच्यासाठीही या बाईनं आपलं स्वातंत्र्य गहाण टाकलं नाही. मी आज उपासनेला जाते ती त्यांच्यामुळे, म्हणून हा धागा.

आधी प्रेमाचं सांगते. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. नवरा आदल्या वर्षीच वारलेला, पदरी दोन वर्षांची मनोरमा. वाँटेज गावच्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) भगिनींनी, म्हणजे संन्यस्त बायकांनी, त्यांना घरात घेतलं. त्या भगिनींचं लंडनमध्ये फुलहॅमला एक घर होतं, समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. रमाबाई ते पाहायला गेल्या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक, लहानपणापासून पुराणं सांगत देशभर पायी फिरलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली. अशा बायकांना कोणी जवळ घेतं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीनं शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाई आणि मनोरमा, दोघींचा बाप्तिस्मा झाला.

आता स्वातंत्र्याचं. बाप्तिस्मा झाला म्हणजे बाई गप्प बसेल, असं कोणाला वाटलं असेल तर ते खोटं ठरलं. सिस्टर जेराल्डीन ही त्यांची धर्ममाता. तिनं त्यांना गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं सुचवली. रमाबाईंनी साफ नकार दिला. मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही, मग क्रुसावर संस्कृत का नको? ब्राह्मणांना जशी संस्कृत देवभाषा वाटते तशी तुम्हाला लॅटिन वाटते का, असंही विचारलं. संस्कृत हवी ती पवित्र म्हणून नव्हे, माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून, हे वर स्पष्ट केलं. हे पत्र मी अनेकांना वाचून दाखवलंय.

पुढं रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात गेल्या. तिथं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची वेळ आली तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंचं उत्तर: माझ्या वडिलांनी कधी अडवलं नाही, नवऱ्यानं अडवलं नाही, आणि तुम्ही इंग्रज लोक अडवता याचं नवल वाटतं. मे १८८५ च्या पत्रात तर सरळच लिहिलं, की भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घ्यायची माझी तयारी नाही. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चमत्कार, ख्रिस्ताचं ईश्वरत्व, सगळ्यावर त्यांनी प्रश्न केले. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील त्यांना न रागावता उत्तरं देत राहिल्या. तो पत्रव्यवहार वाचून कळतं की शंका घेणाऱ्या माणसावरही प्रेम करता येतं.

माझं थोडक्यात. माझी आई लग्नानंतर ख्रिस्ती झाली. तिची आई गळ्यात तुळशीची माळ घालणारी, एकादशी न चुकवणारी. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा स्वतः पक्की करण्याच्या विधीच्या) वर्गात मी पाळकांना विचारलं, "माझ्या आजीचं काय होणार?" ते म्हणाले, "शास्त्रात उत्तर आहे, ते तुला आवडणार नाही." त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षं मी प्रार्थना केली ती भीतीपोटी. रमाबाईंची पत्रं हाती आली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की प्रश्न विचारूनही आपण येशूच्या घरातले राहू शकतो. योहानाच्या पत्रात आहेच ना, "पूर्ण प्रीती भीती घालवून देते."

तेव्हा माझा मुद्दा: 'का' विचारायची मुभा नाही तिथं प्रेम नसतं, नुसता धाक असतो. मतभेद असतील तर जरूर मांडा.

मुळामुठा:

चाफेकळीताई, मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून विरोध करतो. तुम्ही १८८५ वर थांबलात. १८९३ ला या.

११ मार्च १८८९ ला मुंबईत रमाबाईंनी शारदा सदन, विधवा आणि मुलींची निवासी शाळा, उघडलं ते कोणत्या वचनावर? इथं धर्मप्रचार होणार नाही, या वचनावर. त्या विश्वासावर रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात आले, आणि आपल्या विधवा लेकीबाळी लोकांनी तिथं ठेवल्या. पुढं सदन पुण्यात आलं आणि कळलं की मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात. 'केसरी'नं टीका केली ती सोडा, ते विरोधकच होते. पण रानडे-भांडारकर हे तर मित्र. तेही १८९३ मध्ये बाहेर का पडले? बारा-चौदा वर्षांची, घरादारानं नाकारलेली मुलगी ज्या बाईच्या आधारावर जगते, तिच्या प्रार्थनेला ती 'स्वेच्छेनं' बसते असं म्हणणं मला पटत नाही. स्वतःसाठी मागितलेलं स्वातंत्र्य त्या मुलींना मिळालं का?

आणि बाप्तिस्म्याबद्दल. त्याच्या थोडंच आधी त्यांच्या सोबतीण आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये आत्महत्या केली. परक्या देशात, लहानग्या पोरीसह, इतक्या मोठ्या धक्क्यात असलेल्या बाईचा तो निर्णय कितपत मोकळा होता?

वसईकर:

मी कॅथलिक, त्यामुळे माझी अडचण वेगळी. ताई, पाळकांनी तुमच्याशी वागायला नको होतं तसं वागले. त्याचा धडा 'चर्चचं जू नको' असा काढलात, तिथं आपलं जमत नाही.

आमच्याकडे आई-वडिलांपासून चालत आलेली श्रद्धा आहे. मिस्सेला (आमच्या उपासनेला) मी एकटा जात नाही, अख्खा गाव जातो. माझी श्रद्धा डळमळते त्या दिवशी शेजारच्याची मला सावरून धरते. प्रत्येकानं बायबल उघडून आपापला ख्रिस्त ठरवायचा म्हटलं तर ज्याला पत्रव्यवहार करायला डोरोथिया बील मिळत नाही त्यानं काय करायचं? पौल गलतीकरांना स्वातंत्र्याबद्दल लिहितो, आणि त्याच अध्यायात म्हणतो की प्रीतीनं एकमेकांचे दास व्हा. आज्ञापालन हे प्रेमाचंच रूप आहे. आजारी बापासाठी रात्रभर जागणारा मुलगा 'माझं स्वातंत्र्य' म्हणत नाही.

शिवाय रमाबाईंनीही पुढं केडगावला मोठं चर्च बांधलंच. १९०५ साली मुक्तीत, म्हणजे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, जी धार्मिक जागृती झाली, त्या वेळच्या रमाबाई वादविवाद करणाऱ्या नव्हत्या, पूर्ण शरण गेलेल्या होत्या. तुम्हाला तरुण रमाबाई हव्यात, म्हाताऱ्या नकोत.

चाफेकळी:

मुळामुठा, १८९३ टाळायचा माझा हेतू नव्हता. रमाबाईंचं म्हणणं असं होतं, की मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कोणाला बोलवत नाही, कोणाला हाकलत नाही. सदनात हिंदू मुलींना आपले आचार पाळायची सोय होती. आणि तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी पाहा. सदनात वर्षानुवर्षं राहिली, शिकली, हिंदूच राहिली. १८९३ मध्येच तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि ती बाया कर्वे झाली. दडपण असतं तर सगळ्यात आधी तिच्यावर आलं असतं.

आनंदीबाईंचा मृत्यू भयंकर होता. पण धक्क्यात घेतलेला निर्णय माणूस नंतर झटकून टाकतो. रमाबाईंनी पुढची कित्येक वर्षं तो तपासला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त भेटला नव्हता, असं त्यांनी आपल्या श्रद्धेच्या साक्षीत (अनुभवकथनात) लिहिलंय, आणि तो भेटल्याचं साल देतात १८९१ च्या आसपासचं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी असं लिहिणारी बाई स्वतःला फसवत नाही.

वसईकर, शेजाऱ्यानं सावरून धरणं मला मान्य आहे, हवंच आहे. पण म्हाताऱ्या रमाबाईंनी काय केलं? हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल एकटीनं साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले. शास्त्राचा अर्थ सांगायला कोणी मधे लागू नये, हीच ती १८८५ ची बाई. आणि त्याच मुक्तीत कृपासदन काढलं, फुलहॅमला पाहिलेल्या बायकांसारख्यांसाठी. शरण गेली असेल, पण देवाला, माणसांना नव्हे.

नगरी:

जय ख्रिस्त. मी नगर जिल्ह्यातला, आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची. तुमची चर्चा वाचताना सारखं वाटत होतं, की ही सगळी शिकलेल्या ब्राह्मण घरांची कहाणी आहे. ना. वा. टिळकांचीही तीच. १८९५ ला ते एकटे ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं सोडलं नाही, टिळकांनी सोडायला लावलं नाही, आणि १९०० ला आपल्या बुद्धीनं आल्या. फार सुंदर, मलाही आवडतं.

पण माझे पणजोबा महारवाड्यातले. ते 'का' विचारत बसले नाहीत. गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, तिथं कोणीतरी आलं आणि पोरांना बाकावर बसवून अक्षर शिकवलं. भावकीतली चार घरं मिळून गेली. त्यांना लोक 'पोटासाठी बाटले' म्हणाले, आणि रमाबाई-टिळकांना 'सत्याचे शोधक'. हा फरक मला झोंबतो. पणजोबांच्या श्रद्धेत पत्रव्यवहार नव्हता, पण प्रेम होतं आणि स्वातंत्र्यही होतं, ताठ मानेनं चालायचं. ताई, 'का' विचारणं ही तुमची कसोटी लावली तर ते नापास होतात का?

आणि चर्चमध्ये येऊनही जात सुटली नाही, हे कब्रस्तानापासून सोयरिकीपर्यंत दिसतं. ते जू कोण उतरवणार, तेही बोला.

शेवंती:

मनोरमाचं नाव कोणी नीट घेतलं नाही. आई चेल्टनहॅमला आणि पोर वाँटेजला भगिनींकडे. जेराल्डीनला ती 'आजीबाई' म्हणायची. लेकीला कोणती शिकवण द्यायची यावर दोघी मोठ्या बायका पत्रांतून भांडत होत्या. मोठी झाल्यावर ती मुक्तीच्या कामात आईचा उजवा हात झाली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई १९२२ ला. दोन वर्षांच्या मुलीला आईच्याच दिवशी बाप्तिस्मा दिला, तेव्हा तिला कोणी विचारलं होतं?

मी आई आहे आणि माझ्या मुलांना उपासनेला घेऊन जाते. सगळ्यांनाच न विचारता काहीतरी दिलं जातं. म्हणून मला चाफेकळीपेक्षा वसईकरांचं जास्त पटतं.

चाफेकळी:

नगरी, तुमच्या पणजोबांना नापास करणारी कसोटी माझ्या कामाची नाही. गावानं ठरवून दिलेली जागा सोडून उठणं हाच त्यांचा 'का' होता, असं मला वाटतं, आणि रमाबाईंना पत्रांतून जे सांगावं लागलं ते त्यांनी चालून दाखवलं. मी वर 'इतका प्रामाणिक दुसरा नाही' लिहिलं, ते 'लिहून ठेवलेल्यांत' एवढ्यापुरतं धरा. जातीच्या जुवाबद्दल तुम्ही वेगळा धागा काढा, मी येते.

शेवंती, मुलांना न विचारता दिलं जातं, खरंय. मीही देते. फक्त माझ्या मुलीनं आजीचा प्रश्न विचारला तर तिला गप्प करायचं नाही, एवढं मी ठरवलंय. मी तिला सांगितलं, की माझी आजी येशूच्या हातात आहे आणि तो तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करतो. वसईकर याला शिकवणीत बसणारं उत्तर म्हणतील की नाही, मला माहीत नाही.

वसईकर:

बसतं. आमच्या फादरांनी माझ्या हिंदू मित्राच्या आईच्या वेळी जवळपास हेच सांगितलं होतं. पण ते फादरांनी सांगितलं, म्हणून मला आधार वाटला. तुमचा-माझा फरक तेवढाच आहे, आणि तो राहणार.

मुळामुठा:

गोदूबाईंचं उदाहरण वजनदार आहे, मानतो. पण एक मुलगी तशी राहिली म्हणून सगळ्यांवर दडपण नव्हतं असं होत नाही. गोदूबाईंच्या पाठीशी शिकलेला भाऊ होता. जिच्या मागे कोणीच नव्हतं तिचं काय? पालकांना आधी सांगायला हवं होतं, की माझं दार उघडं असतं आणि आत प्रार्थना चालते. तेवढं झालं असतं तर रानडे थांबले असते असं मला वाटतं, आणि पुण्यातल्या कितीतरी मुलींचं शिक्षण मधेच तुटलं नसतं. रमाबाईंबद्दल आदर ठेवूनही या एका गोष्टीवर मी ठाम आहे.