भंगारातली शिवराई : नफा किती रास्त?

प्रश्न : भंगारवाल्याकडे तांब्याच्या भावाने मिळालेली शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) संग्राहकाला दसपट किमतीला विकणं योग्य आहे का?

उत्तर १ : आधी नाणं ओळखा. मागे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, महाराजांच्या नंतरच्या काळातली, भरपूर मिळते. तिला 'महाराजांच्या काळातली' म्हणून विकणं ही सरळ फसवणूक. कडेला सांध्याची रेघ, पृष्ठावर बारीक छिद्रं दिसली तर ओतीव नक्कल समजा. आणि चिंचेने घासू नका हो! पटिना (काळाने धातूवर चढलेला थर) गेली की किंमतही गेली.

उत्तर २ : ओळख पटवण्याच्या मेहनतीचा नफा रास्तच. पण भंगारवाल्याने 'काय किंमत येईल?' विचारलं, तर खोटं बोलू नये.

उत्तर ३ : जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा बघा, १० रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.