मदत हवी आहे: कोहाच्या विकीवर देवनागरी शोधाची माहिती कुठे आणि कशी लिहू?

नमस्कार मंडळी,

मी विदर्भातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. आमच्या सगळ्या नोंदी कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आहेत. इंग्रजी पुस्तकं लगेच सापडायची, पण मराठी शीर्षक टाकलं की पाटी कोरी. पुस्तक कपाटात, नोंद संगणकात, आणि मुलं रिकाम्या हातानं परत. फार वाईट वाटायचं.

विकीची पानं उपसल्यावर कारण कळलं. कोहातली झेब्रा ही शोधयंत्रणा आमच्याकडे सीएचआर या जुन्या, अक्षरांच्या ठरावीक यादीवर चालणाऱ्या पद्धतीनं अनुक्रमणिका करत होती, देवनागरीला आयसीयू (युनिकोडमधल्या सगळ्या लिप्या हाताळणारी पद्धत) लागतं. डिफॉल्ट.आयडीएक्स फाइलमधल्या 'चारमॅप'च्या ओळींच्या जागी 'आयसीयूचेन' घातलं, झेब्रा पुन्हा सुरू केलं, सगळी अनुक्रमणिका नव्यानं बांधली. 'शेती' टाकल्यावर यादी आली तेव्हा वाचनकक्षातल्या मुलांना हाक मारून दाखवली!

तरी 'वऱ्हाड' अडलंच. निम्मीच पुस्तकं येत. आमच्याकडे दोघांनी नोंदी केल्या होत्या: एकानं ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं, दुसऱ्यानं र, हलन्त (पाय मोडणारं चिन्ह) आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). डोळ्यांना दोन्ही सारखंच, संगणकाला दोन वेगळे शब्द. शेवटी आयसीयूच्या साखळीत नियम घालून दोन्ही रूपं एक केली.

हे कुणाला पुन्हा शोधत बसावं लागू नये. 'कोहा' म्हणजे माओरी भाषेत भेट, आणि मला ती न्यूझीलंडहून फुकट मिळाली आहे. पण विकीवर लिहायचा अनुभव शून्य. मी वाचलेल्या पानावरच्या आज्ञा जुन्या आवृत्तीच्या आहेत (दर मे आणि नोव्हेंबरात नवी येते). त्या खोडू का? नवं पान करू? मराठीत लिहू की इंग्रजीत? की हे थेट मॅन्युअलमध्ये जायला हवं?

प्रतिसाद १
ताई, जुनं खोडू नका. जुन्या आवृत्तीवर अडलेली ग्रंथालयं आहेत. त्याच पानावर नवा विभाग करा आणि मथळ्याखालीच कोहाची आवृत्ती, सर्व्हरची प्रणाली डेबियन की उबुंटू, आणि तपासल्याची तारीख लिहा. आधी चर्चा पानावर दोन ओळी टाका. मॅन्युअल गिटलॅब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आहे, त्याची प्रक्रिया वेगळी, ते नंतर.

'वऱ्हाड'चा भाग मात्र इंग्रजीतच लिहा. नेपाळीतही 'गर्‍यो'सारख्या शब्दांत हाच घोळ आहे, त्यांनाही उपयोग होईल. आणि युनिकोड क्रमांक द्याच: एकीकडे ०९३१ आणि हलन्त, दुसरीकडे ०९३०, ०९४डी, २००डी. नुसती अक्षरं दिलीत तर वाचणाऱ्याला दोन्ही एकच दिसणार.

धागाकर्ती
नेपाळीचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! आज रात्री चर्चा पानावर लिहिते. माझा नियम फक्त आमच्याच सर्व्हरवर तपासलेला आहे. कुणाकडे चाचणीसाठी वेगळा कोहा असेल तर दोन्ही प्रकारे 'वऱ्हाड' टाकून बघाल का? नियम इथे डकवते.