उचल, खाडा आणि नीतिमत्ता

लोभ माणसात मुळातच असतो, त्यात व्यवस्थेचा काय दोष, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. बीडच्या ऊसतोड कामगारांचं बघा. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, म्हणजे मजुरीचं एक एकक. हंगामाआधी मुकादमाकडून (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि टनाच्या दराने ऊस तोडून ती फेडायची. एक दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड. पाळीत पोट दुखून खोपीत पडून राहिलं तरी खाडाच. यातूनच ऐन तिशीतल्या बायकांनीही गर्भाशयं काढून घेतली, अनेकींनी कर्ज काढून. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली.

यातला कुणीही स्वतःला दुष्ट समजत नसणार. मुकादमाला उचल वसूल करायचीय, कारखान्याला गाळप थांबवायचं नाही, दवाखान्याला पेशंट हवेत. मजूर मुकादमाचे, त्यामुळे कारखाना हात वर करायला मोकळा. ‘बायका मर्जीने करतात’ असं कुणी म्हटलं की मला संताप येतो. डोक्यावर उचल असताना कसली आलीय मर्जी?

लोभ सगळीकडे असेल, पण महिन्याची पाळी हा तोटा धरून तो बाईच्याच खात्यावर टाकायचा, हे या हिशेबानेच शिकवलं. खाडा बंद करा, मजुरांची नोंद कारखान्याकडे करा, आजारपणाची भरपगारी सुट्टी द्या. मग माणसाच्या मूळ स्वभावावर बोलू.