प्रतिसाद: रक्ताची विष्ठा दिसली की जंताचं औषध नको

वर दोघातिघांनी लिहिलंय, कोंबड्यांच्या विष्ठेत रक्त दिसलं म्हणून पायपराझीन हे जंताचं औषध पाजलं आणि फरक पडला नाही. पडणारही नाही. लहान पिल्लांत रक्ताची हगवण बहुतेकदा कॉक्सिडिओसिसची असते. तो जंतांचा नव्हे, एकपेशीय परजीवीचा आजार. त्याला ॲम्प्रोलियमसारखं वेगळं औषध लागतं.

जंतांची लक्षणं संथ असतात. कोंबडी खाते पण छातीचं हाड हाताला टोचतं, तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात. विष्ठेत शेवयांसारखे पांढरे, दोन-चार इंच लांब दिसले तर ते गोल जंत. तांदळाच्या कणीएवढे चपटे तुकडे वळवळताना दिसले तर पट्टकृमी, आणि त्यावर पायपराझीनचा उपयोग शून्य. कोंबडीने मुंग्या, माश्या, भुंगेरे खाल्ले की ते पोटात येतात, त्यामुळे परसात मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्यांत जास्त.

पायपराझीन मुख्यतः मोठ्या गोल जंतांनाच मारतं. आतड्याच्या अस्तरात शिरलेल्या अळ्या वाचतात, म्हणून साधारण तीन आठवड्यांनी दुसरा डोस. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही औषधं जास्त प्रकारच्या जंतांवर चालतात, पण मात्रा वजनावर, डॉक्टरांना विचारूनच. अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत तेही तेव्हाच विचारा.

लसूण, पपईच्या बिया अशा घरगुती उपायांबद्दल: द्यायचे तर द्या, पण भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा खुराड्यात अंथरलेलं ओलं तूस काढून टाका. ओलाव्यात जंतांची अंडी महिनोन्‌महिने टिकतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. आणि औषधाआधी ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी ओळखू येतात.